वाचकांचे प्रश्न : शिवून बसवलेल्या केसांविषयी

केसांविषयीच्या पत्रांत यंदा एक विषय पुन्हा पुन्हा आला. शस्त्रक्रियेची भीती वाटते, औषधांचा परिणाम दिसेपर्यंत थांबण्याचा धीर नसतो आणि टोप म्हटले की नाटकातला टोप डोळ्यांसमोर येतो, म्हणून अनेक जण ‘हेअर वीव्हिंग’ करून घेतात, म्हणजे केसांचा पॅच आपल्याच उरलेल्या केसांना शिवून घेतात. पॅच बसवताना फारसे कोणी काही विचारत नाही. तो दोन-चार महिने डोक्यावर वागवल्यानंतर शंका येऊ लागतात आणि त्या सेंटरमध्ये बोलून दाखवण्याचा संकोच वाटतो. अशी काही पत्रे येथे उत्तरांसह देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेवरून वगळली आहेत.

प्रश्न : माझे वय ३६ असून मी नाशिकला विक्री प्रतिनिधी म्हणून नोकरी करतो. माथ्यावर टक्कल पडल्यामुळे चार वर्षांपूर्वी वीव्हिंग करून घेतले आणि तेव्हापासून दर महिन्याला सर्व्हिसिंगला जातो. पॅच घट्ट करून आल्यावर पहिल्या दोन रात्री कुशीवर झोपता येत नाही, इतकी कानांमागे ओढ बसते. गेल्या वेळी पॅच उतरवला असता दोन्ही कानांच्या वरचे केस पूर्वीपेक्षा विरळ झालेले दिसले. सेंटरमधील तंत्रज्ञाचे म्हणणे असे की टक्कल वाढले आहे, आता मोठ्या आकाराचा पॅच लागेल. हे खरे मानावे का?

उत्तर : पॅच कशाच्या आधारावर राहतो, हे आधी पाहू. टकलाच्या कडेने जे केस शिल्लक असतात, त्यांच्या बारीक बटा मजबूत धाग्यांत गुंफून डोक्याभोवती एक वीण तयार करतात आणि पॅचचा काठ वाकड्या सुईने त्या विणीला शिवतात. सुई त्वचेत जात नाही, जायलाही नको. त्यामुळे पॅचचे वजन, उशीवर डोके घासताना बसणारा हिसका, विंचरतानाची ओढ आणि न्हाताना भिजलेल्या केसांचा भार हे सगळे त्या कडेच्या केसांच्या मुळांवर येते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. तेवढीच ती वीण त्वचेपासून वर सरकते, पॅच हलू लागतो आणि तो उसवून पुन्हा त्वचेलगत ताणून शिवावा लागतो. आपण ज्याला सर्व्हिसिंग म्हणतो ते म्हणजे ढिली झालेली ओढ पुन्हा ताजी करणे होय, आणि आपल्या बाबतीत ते चार वर्षांत चाळीसहून अधिक वेळा झाले आहे.

आता टक्कल वाढल्याच्या दाव्याविषयी. पुरुषांच्या आनुवंशिक टकलात कपाळावरचे आणि माथ्यावरचे केस डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाला बळी पडतात, पण कानांच्या वरचे आणि मानेकडचे केस त्याला सहसा दाद देत नाहीत. सत्तरीतल्या आजोबांच्याही डोक्यामागे घोड्याच्या नालेसारखी केसांची झालर टिकून असते ती यामुळेच. जे केस सहसा शेवटपर्यंत साथ देतात तेच नेमके शिवणीच्या रेषेत विरळ होत असतील, तर संशयाची पहिली सुई ओढीकडे वळते. ओढीमुळे होणाऱ्या या गळतीला ट्रॅक्शन अ‍ॅलोपेशिया म्हणतात. केस घट्ट बांधणाऱ्या ग्रीनलँडमधील स्त्रियांत ती १९०७ मध्ये नोंदवली गेली, आणि आपल्याकडे घट्ट वेण्या घालणाऱ्या मुलींत व केसांची गाठ घट्ट बांधणाऱ्या शीख पुरुषांत ती डॉक्टरांच्या परिचयाची आहे. सुरुवातीच्या काळात ओढ थांबवली तर केस परत येतात. ओढ वर्षानुवर्षे चालू राहिली तर मुळाच्या जागी व्रणासारखी ऊती तयार होते आणि मग तेथे काही उगवत नाही. आपण या दोन अवस्थांपैकी कोणत्या अवस्थेत आहात, हे पत्रावरून सांगता येणार नाही. त्वचारोगतज्ज्ञाने डर्मोस्कोपखाली, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाखाली, कडेची त्वचा पाहिली, की केसांची छिद्रे शिल्लक आहेत की बुजली आहेत, हे बऱ्याच अंशी कळते.

दोन रात्री झोप न येण्याइतके दुखणे ही ‘सवय होईल’ म्हणून सोडून देण्याची गोष्ट नव्हे. मूळ ताणले जात असल्याची ती सरळ खूण आहे, आणि अशी खूण दिसताच शिवण त्याच दिवशी सैल करून घ्यावी.

मोठा पॅच घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मोठ्या पॅचचा काठ आणखी खाली, म्हणजे आणखी चांगल्या केसांत शिवला जाईल आणि दोन-तीन वर्षांनी हाच संवाद त्याहून मोठ्या पॅचविषयी होईल. पुढे कधी केसांचे प्रत्यारोपण करावेसे वाटले, तर त्यासाठी मुळे याच मागच्या आणि बाजूच्या केसांतून काढतात. म्हणजे आज शोभेसाठी जे खर्ची पडत आहे, ते आपले मुद्दल आहे. किमान तीन-चार महिने शिवण पूर्ण बंद ठेवावी. नोकरीत रोज नवी माणसे भेटतात आणि पॅचशिवाय जाणे शक्य नाही, अशी अडचण असेल, तर डोक्याच्या उघड्या भागावर टेप किंवा गोंदाने चिकटवण्याचा, म्हणजे बाँडिंगचा पर्याय आहे. त्यात कडेच्या केसांवर ओढ येत नाही. मात्र या गोंदांत अ‍ॅक्रिलेट प्रकारची रसायने असतात आणि काहींना त्यांची अ‍ॅलर्जी होते, म्हणून गोंदाचा ठिपका आधी दंडाच्या आतल्या बाजूला लावून ४८ तास वाट पाहावी. क्लिपचा पॅच दिवसा लावून रात्री काढता येतो, हा त्याचा मोठा गुण आहे, पण क्लिप रोज त्याच बटेला अडकवली तर तेथेही टक्कल पडते.

प्रश्न : मी रत्नागिरीचा २८ वर्षांचा तरुण आहे. वीव्हिंग होऊन पाच महिने झाले. उन्हाळ्यात पॅचखाली घाम साचतो, खाज सुटते आणि संध्याकाळी हेल्मेट काढले की वास येतो. सेंटरमध्ये पंधरा दिवसांतून एकदाच केस धुण्यास सांगितले आहे. आई म्हणते, खोबरेल तेल मुरव. काय करावे?

उत्तर : पंधरा दिवसांचा सल्ला पॅच टिकवण्यासाठी दिलेला आहे, डोके टिकवण्यासाठी नव्हे. कोकणातल्या दमट हवेत आठवड्यातून दोन-तीनदा तरी न्हायला हवे. वरचे केस धुऊन भागत नाही, बेसखालची, म्हणजे पॅचचे केस ज्यावर बसवलेले असतात त्या पायाखालची, त्वचा धुतली गेली पाहिजे. त्यासाठी सौम्य शाम्पू पाण्यात पातळ करून अणकुचीदार तोंडाच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत भरावा, काठाखाली चारी बाजूंनी सोडावा, बोटांच्या पेरांनी हलके दाबत फिरवावा आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावे. फेस आत राहिला, तर त्याचीच खाज सुटते.

धुण्यापेक्षा वाळवण्यात लोक अधिक चुकतात. वरचे केस अर्ध्या तासात कोरडे दिसतात, परंतु गुंफलेली वीण आणि बेसची खालची बाजू तासन्‌तास ओलसर राहते. पावसाळ्यात दोरीवर दोन दिवस राहिलेल्या टॉवेलला जो वास येतो, तोच आपल्याला संध्याकाळी येतो. टॉवेलने टिपून घेतल्यावर ड्रायर थंड हवेवर ठेवून काठाखाली वारा सोडावा. ओल्या डोक्याने झोपू नये, आणि त्यावर हेल्मेट तर मुळीच घालू नये.

आईंचे म्हणणे एरवी मी खोडले नसते. पण कोंड्याशी संबंध असलेली मॅलॅसेझिया नावाची बुरशी त्वचेवरच्या स्निग्ध पदार्थांवर पोसते, आणि झाकलेल्या, घामेजलेल्या त्वचेवर मुरवलेले तेल म्हणजे तिला घरपोच डबा. तेल हवेच असेल तर पॅचच्या केसांच्या टोकांना लावावे. कोंडा दिसत असल्यास २ टक्के किटोकोनॅझोल या बुरशीनाशकाचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, दर वेळी पाच मिनिटे त्वचेवर ठेवून, तीन-चार आठवडे वापरून पाहावा. पुळ्या, पू किंवा मानेत गाठी आल्या, तर शाम्पूचे प्रयोग न करता पॅच उतरवून डॉक्टरांना दाखवावे. खाजवण्यासाठी पेनचे टोक किंवा विणकामाची सुई काठाखाली घालण्याची सवय पुष्कळांना असते. ती जखम आपल्याला दिसत नाही आणि म्हणूनच चिघळते.

हेल्मेट सोडू नये. आत सुती टोपी घालावी, ती रोज धुवावी आणि हेल्मेटचा काठ शिवणीवर घासत नाही ना, हे पाहावे.

प्रश्न : मी ४४ वर्षांची गृहिणी असून सांगलीत राहते. दोन वर्षांत भांग खूप रुंद झाला आहे आणि अंबाडा सुपारीएवढा होतो. पार्लरमधील ताईंनी माथ्यावर केस शिवून घेण्याचा सल्ला दिला, शिवाय त्याखाली लावण्यासाठी एक तेल दिले, ज्याने टक्कल हमखास जाते असे त्या सांगतात. पुढच्या महिन्यात पुतण्याचे लग्न आहे.

उत्तर : आपल्या वर्णनातील गळती पुरुषांच्या टकलाहून वेगळी दिसते. स्त्रियांत बहुधा कपाळावरची कड जागेवर राहते आणि भांगाच्या दोन्ही बाजू विरळ होत जातात; लुडविग या त्वचारोगतज्ज्ञांनी १९७७ मध्ये या विरळपणाच्या तीन पायऱ्या मांडल्या, त्या अजूनही वापरात आहेत. त्यामुळे पुरुषाच्या डोक्यावर पॅच बांधण्यासाठी जी दाट कड मिळते, तशी ती आपल्याला माथ्यावर मिळणार नाही आणि शिवण आधीच अशक्त झालेल्या केसांतच घालावी लागेल. आपल्याला ती सुचवण्यास माझे मन धजत नाही.

प्रथम कारण शोधावे. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा) आणि थायरॉइडच्या तपासण्या करून घ्याव्यात, पाळीच्या वेळी रक्तस्राव फार होत असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे. मोठा ताप, शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी मूठ-मूठ केस जाऊ लागतात, ती गळती पुष्कळदा काही महिन्यांत आपोआप भरून निघते आणि तेव्हा शिवण घालणे म्हणजे उगवत्या केसांवर दगड ठेवणे. गळती आनुवंशिक ठरली, तर मिनॉक्सिडिल हे केसांच्या वाढीचे औषध वापरता येते. त्याचा परिणाम दिसण्यास चार ते सहा महिने लागतात आणि पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढल्यासारखी वाटते, हे आधी माहीत असले म्हणजे माणूस घाबरून बाटली फेकून देत नाही.

तेलाविषयी एवढेच सांगते की औषध नियम, १९४५ यांच्या ‘जे’ अनुसूचीत, जे विकार बरे करण्याचा दावा औषधाने करू नये अशा विकारांची यादी दिली आहे आणि त्या यादीत टक्कल आहे. ‘हमखास’ हा शब्द ऐकला की पिशवी बंद करावी.

लग्नासाठी क्लिपचा टॉपर, म्हणजे माथ्यापुरता केसांचा पॅच, घ्यावा, तीन-चार तास लावावा आणि घरी आल्याबरोबर काढावा. त्यावर जड गजरे माळू नयेत.

प्रश्न : आमचा मुलगा ३१ वर्षांचा आहे. त्याला वीव्हिंग केलेले आहे आणि ते ओळखू येत नाही. एक चांगले स्थळ जवळजवळ पक्के झाले आहे. मुलीकडच्यांना सांगावे की लग्नानंतर पाहावे? (एक आई, पुणे)

उत्तर : साखरपुड्याच्या आधी सांगावे, आणि ते मध्यस्थांनी नव्हे, आपणही नव्हे, तर मुलाने मुलीला स्वतः सांगावे. महिन्याला एक सकाळ सर्व्हिसिंगमध्ये घालवणारा आणि डोक्याला हात लावू न देणारा नवरा हे गुपित फार तर दोन आठवडे राखू शकेल. त्यानंतर तिला राग येईल तो केसांचा नसेल. टक्कल हा विवाहात दडवण्याजोगा दोष आहे असे मला वाटत नाही. दडवल्यामुळे मात्र तो तसा होतो. जाता जाता एक व्यावहारिक सूचना करते : हळदीच्या दिवशी पॅचच्या पुढच्या जाळीला हळद लागू देऊ नये, डाग लवकर निघत नाही.

प्रश्न : हे तंत्र कोठून आले आणि या पॅचमध्ये केस असतात तरी कोणाचे? माझ्या भावाचा पॅच दोन महिन्यांतच गुंतू लागला, तर त्याच्या मित्राचा वर्षभर चांगला राहिला. (एक निवृत्त शिक्षक, बेळगाव)

उत्तर : केस वेणीत गुंफण्याची कला आफ्रिकेत फार जुनी आहे. आज ज्याला वीव्हिंग म्हणतात ती पद्धत अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या ख्रिस्टिना जेंकिन्स या कृष्णवर्णीय केशरचनाकार बाईंनी विकसित केली आणि १९५२ मध्ये त्यांना तिचे पेटंट मिळाले. टोप सारखा सरकतो, म्हणून तो पिनांऐवजी शिवूनच का बसवू नये, हा त्यामागचा विचार होता. त्यांच्या गिऱ्हाइकांना मुख्यतः लांबी आणि दाटपणा हवा होता, आणि तेथे संपूर्ण डोक्यावरचे स्वतःचे केस भार उचलायला असत. आपल्याकडे तीच युक्ती मुख्यतः पुरुषांच्या टकलावर आली, आणि भार उचलणारे केस झाले फक्त कडेचे. माझ्या मते, या विषयातील बहुतेक तक्रारींचे मूळ या बदलात आहे.

केस बव्हंशी भारतातलेच असतात. तिरुमला येथे भाविक केस अर्पण करतात आणि देवस्थान त्यांचा लिलाव करते. ते मुंडनाचे असल्यामुळे जुडीतील सर्व केसांची मुळे एका बाजूला आणि टोके एका बाजूला राहतात. बाजारात त्यांना ‘रेमी’ म्हणतात. दुसरा पुरवठा आपण लहानपणापासून पाहिलेला आहे. फणीत अडकलेले केस बायका गुंडाळून कोनाड्यात ठेवत आणि केसांच्या बदल्यात भांडी किंवा फुगे देणारी बाई दारावर आली की तिला देत. हा गुंता सोडवून, प्रतवारी करून परदेशी जातो, पण त्यातील केसांच्या दिशा उलटसुलट झालेल्या असतात. प्रत्येक केसावर माशाच्या खवल्यांसारखे सूक्ष्म आवरण असते. शेजारच्या दोन केसांचे खवले विरुद्ध दिशांना असले, की ते एकमेकांत अडकतात. यावर उपाय म्हणून असे केस आम्लाने धुऊन खवले उतरवतात आणि वर सिलिकोनचा थर देतात. दुकानात ते रेमीपेक्षाही अधिक चमकतात, काही धुण्यांनंतर थर निघून जातो आणि जटा होऊ लागतात. आपल्या बंधूंचा पॅच बहुधा या जातीचा असावा. विकत घेताना एक केस चिमटीत धरून मुळाकडून टोकाकडे आणि मग उलट बोटे फिरवून पाहावीत. उलट फिरवताना किंचित खरखर लागली, तर खवले शाबूत आहेत.

प्रश्न : वीव्हिंग असताना डोक्याचा एमआरआय चालतो का?

उत्तर : क्लिप, पिना किंवा धातूचा कोणताही भाग असलेला पॅच काढूनच जावे. केवळ धाग्याने शिवलेला असला तरी तंत्रज्ञाला आधी सांगावे. ईईजी, म्हणजे मेंदूचा विद्युत आलेख, काढायचा असेल तर त्वचेवर इलेक्ट्रोड लावावे लागतात, तेव्हा पॅच उतरवावाच लागतो.

प्रश्न : बहिणीची केमोथेरपी सुरू होणार आहे. केस जाण्याआधीच तिला वीव्हिंग करून घ्यावे, असे आम्हाला वाटते.

उत्तर : करू नये. केस जाणाऱ्या औषधांत पहिल्या मात्रेनंतर दोन-तीन आठवड्यांत गळती सुरू होते, आणि ज्या केसांना पॅच शिवला तेच गळाल्यावर तो कशाला लोंबकळणार? शिवाय त्या काळात पांढऱ्या पेशी कमी होतात आणि शिवणीखालची लहानशी पुळीही महागात पडू शकते. केस असतानाच तिला आवडणारा मऊ अस्तराचा विग निवडून ठेवावा, सुती रुमाल आणावेत. उपचार संपल्यावर काही महिन्यांत केस बहुतेकांना परत येतात.

प्रश्न : माझे वडील गेल्या महिन्यात वारले. दहाव्याच्या दिवशी क्षौर करायचे होते आणि मला वीव्हिंग आहे. ऐन वेळी धावपळ झाली, न्हाव्याने पॅच ओढला आणि कानाजवळ रक्त आले. आता ती जागा गुळगुळीत दिसते.

उत्तर : आपल्या दुःखात सहभागी आहे. हिसक्याने उपटलेले केस बहुधा पुन्हा येतात, कारण मूळ पूर्ण निघून येत नाही. तीन महिने वाट पाहावी आणि तोवर तेथे शिवण घालू नये. पॅच कधीही ओढून काढायचा नसतो. बोथट टोकाच्या लहान कात्रीने काठाचा एकेक टाका कापायचा, मग वीण कापून विंचरून सोडवायची. घाई केली नाही तर अर्ध्या-पाऊण तासाचे हे काम आहे. प्रत्येक वीव्हिंगवाल्याच्या घरात निदान एका माणसाला ते येत असावे.

प्रश्न : मी ५२ वर्षांचा आहे, नागपुरात राहतो आणि अकरा वर्षांनी वीव्हिंग कायमचे बंद करायचे ठरवले आहे. काही काळजी घ्यावी लागते का?

उत्तर : पॅच उतरवल्यावर कडेचे केस मशीनने बारीक कापून घ्यावेत, म्हणजे लांब झालर आणि उघडा माथा यांतील फरक डोळ्यांत भरत नाही. आरसा आणि घरच्या माणसाची मदत घेऊन माथा नीट पाहावा. इतकी वर्षे झाकलेल्या त्वचेवर एखादा न भरणारा फोड किंवा आकार बदलणारा तीळ असेल, तर तो दाखवून घ्यावा. पहिले दोन आठवडे डोके हलके आणि थंड वाटेल, कपाळावरून केस मागे सारण्यासाठी हात आपोआप वर जाईल. कार्यालयात पहिल्या दिवशी चौकशी होईल, तिसऱ्या दिवशी होणार नाही. त्या त्वचेने अकरा वर्षांत ऊन पाहिलेले नाही, त्यामुळे तिला किमान एसपीएफ ३० चे सनस्क्रीन लावावे, आणि एप्रिल-मे महिन्यांत दुपारच्या वेळी टोपी किंवा दुपट्ट्याशिवाय बाहेर पडू नये.